सहावी पेटी

८ मार्च, रविवार

या घरात माझं बोलणं कुणी ऐकत नाही, म्हणून आजपासून वहीला सांगणार. वही निदान मध्येच उठून बाहेर जात नाही.

सकाळपासून धुकं. गोठ्यात जायचं तर भिंत चाचपत जावं लागलं. दुपारी बटाटे सोलत होते तर डोक्यावरून विमान गेलं. विमानं रोजचीच. खाली मैदानात लष्कराची विमान शिकवायची शाळा आहे, आणि लढाई सुरू झाल्यापासून तिथे पोरांना घाण्याला जुंपल्यासारखं जुंपलंय. पण हे फारच खालून गेलं, मांडणीतली ताटं वाजली. मी ह्यांना म्हटलं, "अहो, छपरावर उतरतंय की काय हे?" हे म्हणाले, "हं." लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यातली निम्मी 'हं' ऐकण्यात गेली. जरा वेळाने वर डोंगरात आवाज झाला. कुणी मोठं कपाट जिन्यावरून सोडून द्यावं तसा गडगडत आला. मग काहीच नाही.

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "गेली कुणाची तरी पोरं." तोंडातून कधी शुभ निघेल तर शपथ. पण माझ्याही हातातला बटाटा खाली पडला.

संध्याकाळी लष्कराचे दोन ट्रक आले. रस्ता आमच्या खानावळीपाशी संपतो, पुढे नुसती पायवाट, त्यामुळे जगातली सगळी पीडा इथेच उतरते. एक कॅप्टन आणि वीसेक शिपाई. कॅप्टन म्हणाला, "बाई, घर लागेल आम्हाला." मिळेल का, असं विचारलं नाही. वरच्या चारही खोल्या गेल्या. आमच्या थोरल्याचीसुद्धा. तो बिचारा आघाडीवर कुठेतरी ट्रक चालवतोय, दोन महिने खबर नाही, आणि त्याच्या गादीवर कोण कुठला सार्जंट बुटांसकट आडवा झालाय.

९ मार्च

शिपाई उजाडताच डोंगर चढले. हेही निघाले. कशाला, तर म्हणे लाकूड बघून येतो. सगळ्या दिवसांत आज लाकूड! हे सुतार आहेत, मान्य. पण घरात वीस माणसांची पंगत, एक बायको, एक म्हातारी, आणि ह्यांना लाकूड आठवतं.

परत आले ते रिकाम्या हाताने. कमरेपर्यंत भिजलेले आणि अंगात कोट नाही. "कोट कुठाय?" "राहिला." "कुठे राहिला?" "वर." वर बर्फ पडलंय आणि माणूस कोट विसरून येतो. पुढे मी काय बोलले ते इथे लिहीत नाही, वही काळी पडेल.

शिपायांना विमान सापडलंय. डोंगराच्या खांद्यावर आदळून जळलंय. आत एक शिकवणारा आणि पाच शिकाऊ पोरं होती. पाच देह मिळाले, सहावा नाही. दरीत बर्फाखाली असेल म्हणतात.

रात्रीच्या जेवणाला एक नवल घडलं. सगळे खाली मान घालून जेवत होते आणि हे उठून उभे राहिले. घसा खाकरला. चारचौघांत हे बोलायला उभे! मी वाढता वाढता थांबले. तेवढ्यात सार्जंटने विचारलं, "साहेब, तो सहावा कोण?" कॅप्टन म्हणाला, "चालवत होता तोच. विमानातून शेवटचा आवाज त्याचा आला. आता वरून मला एकच विचारतायत, चूक कुणाची. असल्या हवेत उडायला कुणी लावलं, ते कुणी विचारत नाही. मेला असेल तर सुटला पोरगा. जिवंत सापडला तर सगळं त्याच्या गळ्यात मारतील. आणि लढाईच्या दिवसांतली कोर्टं तुम्हाला माहीत आहेत. भिंतीपाशी उभं करतात."

हे अजून उभेच. कॅप्टनने विचारलं, "काय हो, काही म्हणायचंय?"

"मीठ," हे म्हणाले, आणि खाली बसले.

मीठ समोरच होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

११ मार्च

आज पाचांना खाली आणलं. ह्यांच्या कारखान्यात ओळीने ठेवलंय. मी एकदाच डोकावले आणि परत आले. एकाच्या पायात मोजे होते, हाताने विणलेले, एका मोज्याची टाच दुसऱ्या लोकरीने भरलेली. कुणीतरी घाईत लोकर संपली म्हणून भरली असेल. मी चुलीपाशी येऊन रडले. सासूबाईंनी विचारलं तर कांद्यावर ढकललं. त्या म्हणाल्या, "कांदे तर अजून टोपलीत आहेत." सोडतील तर ना!

कॅप्टनने ह्यांना सहा पेट्या करायला सांगितल्या. पेटीचा ह्यांचा एक नियम आहे, सासऱ्यांपासूनचा. माणसाचं माप स्वतः घेतल्याशिवाय फळीला करवत लावायची नाही. म्हणून पाच मापं घेऊन आले आणि पाच पेट्यांच्या फळ्या काढल्या. कॅप्टन म्हणाला, "सहावी?" "माप नाही." "अंदाजाने करा." हे म्हणाले, "अंदाजाने कपाट होतं." एरवी तोंड उघडायचं नाही, आणि उघडलं की असं.

१३ मार्च

घरात चोर शिरलाय. वीस चोर, गणवेशातले.

परवा जाड घोंगडी गेली. काल थोरल्याची लोकरी पँट गेली, मी ती तो परत येईल तेव्हासाठी कडुलिंबाचा पाला घालून ठेवली होती. आज जखमेवर लावायच्या औषधाची बाटली. आणि दूध! एकच गाय, दूध तापवून साय काढून ठेवते, खालचं दूध चहाला. रोज पेलाभर कमी भरतंय. साखरेचा डबा तर उंदीर लागल्यासारखा खाली चाललाय. साखर हल्ली मिळते कुठे? मी सगळ्यांना एकेक चमचा मोजून देते, स्वतः बिनसाखरेचा चहा पिते, आणि कुणीतरी खुशाल हात मारतंय.

माझा संशय त्यांच्या आचाऱ्यावर. ढेरपोट्या. माझ्या स्वयंपाकघरात माझ्याच चुलीवर मला "मावशी, जरा सरका" म्हणतो. एवढं पोट काय हवेवर वाढतं?

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "जाऊ दे." घर धुऊन नेलं तरी हे जाऊ दे म्हणतील.

१४ मार्च

पाच पेट्या झाल्या. ट्रकने खाली गेल्या. शिपाई दोन रांगांत उभे राहिले, कॅप्टनने टोपी काढली. सासूबाई काठी टेकत दारापर्यंत आल्या. इतक्या हळू चालणारे ट्रक मी पाहिले नव्हते.

सहावीचा पत्ता नाही. कॅप्टन रोज विचारतो आणि हे रोज नवं कारण देतात. फळी ओली आहे. खिळे आखूड आहेत. सरस वाळत नाही. मला लाज वाटते हो! कॅप्टनला वाटत असेल, हा माणूस एक नंबरचा कामचुकार. आणि काम नाही म्हणावं तर दिवसभर कारखान्यात खुडबुड चालूच. आज बघते तर दोन लांब पट्ट्या रंधा मारून गुळगुळीत करतायत, त्यावर कापड गुंडाळतायत. "हे काय?" "खुर्चीचा पाय मोडलाय." "कुठल्या खुर्चीचा?" "आहे एक." खुर्चीच्या पायाला मेलं कापड कशाला?

मी म्हटलं, "एक पेटी करून द्या आणि या लोकांना वाटेला लावा. तो बिचारा मेलाय, त्याला माप काय आणि अंदाज काय!" हे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मेल्याचं माप घेईन मी." आणि परत रंधा.

१६ मार्च

सासूबाईंना या वयात राक्षसी भूक लागली आहे. चिमणीएवढं खाणारी बाई, आता ताट भरून नेते आणि खोलीत बसून जेवते. ताट परत येतं ते चाटून पुसून. म्हटलं, "पोट बिघडेल." तर म्हणाल्या, "माझं पोट, तुझं काय जातं?" माझं काय जातं? बटाटे जातात!

शिवाय त्यांच्या उशीला नवा पांढरा अभ्रा. इतका मऊ आणि चकचकीत, की हात फिरवावासा वाटतो. "कुठून आला?" "जुनाच आहे. तुझं लक्ष कुठे असतं?" माझं लक्ष नसतं! या घरात माझ्याशिवाय कुणाचं लक्ष असतं ते एकदा दाखवून द्या मला.

हे रोज दुपारी वरच्या कुरणाकडे जातात. उन्हाळ्यात शेळ्या ठेवतो ते खोपट आहे तिथे, त्याचं छप्पर दुरुस्त करतायत म्हणे. शेळ्या मागच्याच वर्षी विकल्या.

१७ मार्च

माझ्या तोंडाला कुलूप का नाही घातलं कुणी. आज जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

दुपारी साखरेचा तळ दिसला. तडक कॅप्टनकडे गेले आणि सगळं सांगितलं. घोंगडी, पँट, औषध, दूध, साखर. जेवणावर सगळ्यांसमोर सांगितलं, ढेरपोट्याकडे बोट दाखवून. तो लालबुंद झाला, म्हणाला, "मावशी, आईशपथ नाही." मी म्हटलं, "आईला मध्ये आणू नकोस." कॅप्टन चिडला. म्हणाला, माझी माणसं चोरी करत असतील तर माल जवळच कुठेतरी लपवला असणार. उद्या सकाळी गोठा, कारखाना, कुरणावरचं खोपट, सगळं उलथंपालथं करू. आचाऱ्याची रजा बंद.

मला काय आनंद झाला! इतक्या वर्षांत प्रथमच माझं कुणी ऐकलं. वळून ह्यांच्याकडे पाहिलं तर चेहरा चुन्यासारखा. हातातला घास तसाच.

भांडी घासायला गेले तर सासूबाई आत आल्या आणि दार लावून घेतलं. म्हणाल्या, "अगं, घात केलास. तो पोरगा आहे खोपटात."

मला आधी कळेचना. कुठला पोरगा? मग कळलं, आणि हातातलं पातेलं घेऊन मी तिथेच खाली बसले. ह्यांना तो त्या पहिल्याच दिवशी सापडला. विमान आदळलं तेव्हा बाहेर फेकला गेला, बर्फात. पाय मोडलेला. रात्रभर पॅराशूटच्या कापडात स्वतःला गुंडाळून पडून राहिला. पांढऱ्या बर्फात पांढरं कापड, शिपाई दहा हातांवरून गेले तरी दिसला नाही. ह्यांनी कोट घातला त्याला आणि पाठीवर घेऊन खोपटात नेलं. खाली येऊन कॅप्टनला सांगणारच होते. म्हणून उभे राहिले होते त्या जेवणाला.

आणि मी म्हटलं, मीठ मागायला उभे राहिले.

मला पहिल्यांदा राग आला तो याचा, की मला सांगितलं नाही. सासूबाईंना सांगितलं, मला नाही! म्हटलं, "मी काय परकी आहे?" सासूबाई म्हणाल्या, "परकी नाहीस. पण तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

हे खरंच आहे, म्हणून जास्त झोंबलं.

१८ मार्च

सकाळी चहाच्या वेळी सगळे बूट चढवत होते. ह्यांचं म्हणणं होतं, रातोरात पोराला हलवावं. पण मोडक्या पायाने कुठे हलवणार आणि पहारेकऱ्यासमोरून कसं? रात्री मीच ह्यांना म्हटलं, तुम्ही गप्प बसा, ते तुम्हाला छान जमतं. बाकी माझं मी बघते.

मी चहाचं भांडं खाली ठेवलं आणि मोठ्याने म्हटलं, "कॅप्टनसाहेब, शोधू नका. सगळं सापडलं."

"कुठे?"

"माझ्याच ट्रंकेत. घोंगडी, पँट, सगळं. मीच ठेवलं आणि मीच विसरले."

"आणि औषधाची बाटली?"

"फुटली माझ्या हातून. ओरडा बसेल म्हणून बोलले नाही." ह्यांचा ओरडा! उभ्या जन्मात ह्यांनी आवाज चढवला नाही. पण कॅप्टनला काय माहीत.

"दूध?"

"गाय आटत चाललीय."

कॅप्टनने भुवया उचलल्या. "आणि साखर, बाई?"

एवढं एक राहिलं होतं. साखरेला काय सांगायचं ते मी ठरवलंच नव्हतं. वीस माणसं माझ्याकडे बघतायत, ज्यांना मी दहा दिवस एकेक चमचा मोजून दिली, साखर म्हणजे काय जहागीर आहे का म्हणून ऐकवलं. मी म्हटलं, "मीच खाते. चोरून."

मग कुणीतरी फिसकन हसला, आणि मग सगळेच. सार्जंट तर डोळे पुसायला लागला. कॅप्टनसुद्धा हसला, या घरात आल्यापासून पहिल्यांदा. त्याने बूट काढायला सांगितले सगळ्यांना. ढेरपोट्याची रजा परत मिळाली. तो माझ्याकडे बघत होता, त्याच्याकडे बघायचं मला धैर्य झालं नाही.

आयुष्यात मी कधी चूक कबूल केली नाही. केली ती पहिली, आणि तीही न केलेली! आता शिपाई येता जाता माझ्या ताटाशेजारी साखरेची चिमूट ठेवतात आणि तोंड दाबून हसतात. हसा मेल्यांनो.

सासूबाईंच्या उशीचा अभ्रा चुलीत घातला. पॅराशूटचं कापड उशीला! अक्कल गहाण टाकली होती का? तर म्हणाल्या, "मऊ होता गं."

१९ मार्च

आज मी वर गेले. गुडघ्यांनी चढताना जे काय शिव्याशाप दिले ते दिले, पण गेले.

थोरल्याची पँट त्याला लांब होते. एकोणीस वर्षांचा असेल, गालाला नीट दाढी नाही. ह्यांनी त्या पट्ट्या पायाला बांधल्यात. मला पाहून उठायला बघत होता, मी म्हटलं पडून राहा. दूध दिलं. पेल्यात बघत बसला. मग आपणच बोलायला लागला, मी विचारलं नव्हतं. "मीच चालवत होतो, मावशी. काही दिसत नव्हतं. मास्तर शेजारी होते, म्हणाले वर घे. मी वर घेतलं. आणखी घे म्हणाले, मी आणखी घेतलं. डोंगर त्याच्याही वर होता." मग त्या बाकीच्यांची नावं घेतली एकेक करून. आईचं घेतलं नाही, ते मी विचारल्यावर. पावाच्या भट्टीवर काम करते. तिला हा एकटा.

मी म्हटलं, दूध पी आधी, गार होतंय. दुसरं काय बोलणार? पूर्ण उतार मी रडत उतरले आणि घरात आल्या आल्या सार्जंटला चिखलाच्या बुटांवरून झापलं, तेव्हा कुठे बरं वाटलं.

हे म्हणतात, पायाचं हाड जुळलं की खिंडीपलीकडे पोचवू. तिथे ह्यांची मावसबहीण आहे. एकटी राहते, घरात माणूस हवंच आहे तिला.

२१ मार्च

कॅप्टनला परतायचा हुकूम आलाय. त्याला सहावी पेटी हवीच. म्हणतो, दोन आठवडे या थंडीत कोण जगतं, दरी बर्फाने भरलीय, दगड भरून पेटी बंद करू, नाव लिहू, प्रकरण संपलं. मी ह्यांना म्हटलं, बघा, देवच धावून आला. पेटी खाली गेली की पोराला कुणी शोधणार नाही.

तर हे म्हणतात, "जित्या माणसाची पेटी मी करणार नाही."

अरे देवा! याच पेटीसाठी आठवडाभर मी ह्यांच्या मागे लागले होते आणि हे मला बनवत होते. आता खरोखर हवी तर नियम आडवा! मी समजावलं, ओरडले, रडले. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, कर रे बाबा. हे नुसते बसून. शेवटी म्हणाले, "मापाशिवाय नाही, आणि त्याचं माप घेणार नाही." मी म्हटलं, "मग माझं घ्या! पण करा!" आणि आपटत निघून आले.

संध्याकाळी करवतीचा आवाज आला. जाऊन पाहिलं. पेटी तयार होत होती, लांब, खांद्याशी रुंद. ह्यांच्या गळ्यात मापाची दोरी. मला आधी वाटलं अंदाजाने केली. मग ह्यांच्या खांद्यांकडे पाहिलं.

मला इतका राग आला. आणि इतकं भरून आलं. म्हटलं, "हे काय अभद्र करून बसलात?" हे म्हणाले, "कुणाचं तरी घ्यावं लागतं. माझं झालंय बरंच जगून." मी म्हटलं, परत असं बोललात तर याच पेटीत घालीन तुम्हाला. तर हसले. कित्येक वर्षांनी हसताना पाहिलं मी ह्यांना, आणि कुठे, तर पेटीशेजारी.

२३ मार्च

पोराची आई उद्या येतेय. कॅप्टन म्हणाला, पेटी खाली येईपर्यंत थांबायला तयार नाही, रोज त्या विमानांच्या शाळेच्या दारात बसून असते, म्हणून ट्रकमधून पाठवतायत.

रात्री तिघांनी ठरवलं, तिला सांगायचं नाही. इतक्यात नाही. तिला सगळ्यांसमोर रडायचंय, खाली जाऊन पेटी पुरायची आहे, शेजारीपाजारी भेटायला येणार. खोटं रडणं कुठल्या आईला जमेल? पोरगा खिंडीपलीकडे गेला की मग निरोप पाठवू. मी शपथ घेतली. सासूबाईंनी दोनदा घ्यायला लावली, एका शपथेवर विश्वास नाही.

२४ मार्च

आली. बुटकी, सुकलेली बाई, दोन्ही हातांवर भट्टीचे चटके. जवळ एक पिशवी. रडत नव्हती. कॅप्टन बोलत होता ते तिच्या कानांत शिरत नव्हतं. सरळ कारखान्यात गेली, पिशवीतून करड्या रंगाचा स्वेटर काढला आणि पेटीच्या झाकणावर पसरला. बाह्या नीट केल्या. मग म्हणाली, "एवढा रुंद नव्हता तो."

कॅप्टन म्हणाला, "बाई, पेट्या जरा मोठ्याच असतात."

"उघडा."

"उघडता येणार नाही. बघवणार नाही तुम्हाला."

"जन्मला तेव्हा रक्तात लडबडलेला पाहिलाय मी त्याला. उघडा."

हे हातोडी धरून भिंतीला टेकलेले. आत दगड. कॅप्टनलाही ते माहीत, त्याला घाम फुटला. आणि ती बाई स्वतःच झाकणाच्या फटीत नखं घालायला लागली. नख तुटलं. मला ते बघवेना.

मी ओरडले, "आधी चहा! माझ्या घरात उपाशीपोटी कुणी पेटी उघडत नाही!"

असला नियम जगात कुठे नाही. पण मी अशा आवाजात म्हटलं की कॅप्टनसुद्धा बाजूला झाला. तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात आणलं, दार लावलं. तिला चहा नको होता. मी दुधाची किटली भरली आणि तिच्या पुढ्यात ठेवली.

"माझे गुडघे कामातून गेलेत," मी म्हटलं. "वर कुरणावर एक खोपट आहे. तिथे एक आजारी माणूस आहे, त्याला हे दूध देऊन या. मागच्या दाराने जा, वाट एकच आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "माझा मुलगा त्या पेटीत आहे, आणि तुम्ही मला दूध पोचवायला सांगताय? काळीज आहे का तुम्हाला?"

मी म्हटलं, "स्वेटर घेऊन जा. वर थंडी आहे."

तिने हात टेबलावर टेकला. मग मीच म्हटलं, "वर गेल्यावर तोंडावर हात धरा. आवाज खाली येतो." ती उठली, कारखान्यात जाऊन झाकणावरचा स्वेटर उचलला, छातीशी धरला, कुणाकडे न बघता परत आली आणि किटली घेऊन मागच्या दाराने गेली.

कॅप्टन विचारायला आला, कुठे गेल्या? म्हटलं, "रडायला. बायकांना एकटं रडू द्यावं." आणि मग त्याला धरून बसवलं. सार्जंटचे बूट, फुटलेली कौलं, गाईचं वय, सुनेला सासू किती छळते, एकेक करून सगळं ऐकवलं. तो तीनदा उठला आणि तीनदा मी त्याला बसवलं. माझ्या तोंडाचा कुणाला उपयोग झाला असेल तर तो आज.

ती आली तेव्हा डोळे सुजलेले, किटली धुतलेली, स्वेटर नाही. कॅप्टन उभा राहिला. ती म्हणाली, "उघडू नका. घेऊन चला." शिपायांनी पेटी उचलली तेव्हा ती अशी रडली, अशी रडली, की ढेरपोट्याही रडला. खोटं रडणं जमणार नाही म्हणत होतो आम्ही. खोटं कुठे होतं त्यात काही?

ढेरपोट्याने जाताना माझ्या हातात एक पुडी ठेवली. साखर. म्हणाला, "मावशी, आता चोरून नको, उजळ माथ्याने खा." मी त्याला म्हटलं, "चुकले रे बाबा." यावेळी खरी चूक होती.

ती ट्रकमध्ये चढली, आणि सगळ्यांसमोर, कॅप्टनसमोर, मला म्हणाली, "तुमचं दूध फार पातळ आहे. साय काढत जाऊ नका."

कॅप्टनला संकोच वाटला. हळूच म्हणाला, "मनावर घेऊ नका बाई, दुःखात माणूस काहीही बोलतं."

ट्रक वळणाआड गेल्यावर हे माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "शेवटी तीळ भिजला नाहीच," हे म्हणाले. मी म्हटलं, "नाहीच भिजला." हे म्हणाले, "हं."

२५ मार्च

पोस्ट नाही. थोरल्याची खबर नाही. ही पानं आता चुलीत घालणार, म्हणून एवढंच लिहून घेते.

सकाळी दूध तापवलं. छान जाड साय आली. सवयीने चमचा हातात घेतला होता. माझ्या दुधाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं, मेली आली आणि चारचौघांत पातळ म्हणाली! चमचा ठेवून दिला आणि दूध तसंच किटलीत ओतलं, सायीसकट. ढेरपोट्याची साखरही घातली.

हे म्हणाले, मी नेतो. म्हटलं, राहू द्या, मीच जाते. गुडघ्यांचं बघून घेईन. आमचा थोरला जिथे कुठे असेल तिथे कुणी त्याला दूध देत असेल, तर ती बाई साय काढणारी नसू दे.